धुणाऱ्या यंत्राचे धुणे

ज्या वस्तूने इतर वस्तू स्वच्छ होतात ती स्वतः आपोआप स्वच्छच राहत असली पाहिजे, अशी एक समजूत आपल्या घराघरांतून रूढ आहे. चहाची गाळणी, केरसुणी, भांडी घासण्याचा काथ्या, हात पुसण्याचे फडके यांच्याकडे पाहिले म्हणजे ही समजूत किती पोकळ आहे हे कळून येते. तथापि कपडे धुण्याच्या यंत्राविषयी ती अजून शाबूत आहे. आठवड्यातून चार वेळा ज्याच्या पोटात साबणाचे पाणी खळाळते, त्यास आणखी धुवावयाचे ते काय, असा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, आणि हे धुणे कोणी करावे यासंबंधी माझे मत स्पष्ट सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. काव्य, प्रवासवर्णने आणि थोरांची चरित्रे यांच्या पंक्तीस हा विषय बसवावा काय, अशी शंका कोणास आली तर ती मला समजते. परंतु घरात ज्या कामाचा गवगवा होत नाही ते काम बहुधा एकाच व्यक्तीच्या माथी बसलेले असते, आणि म्हणूनच त्याविषयी लिहिले पाहिजे असे मला वाटते.

विद्यार्थिमित्रहो, वरून झाकण उघडणारे यंत्र तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असेल. त्याच्या टाकीत मध्यभागी जो भाग फिरतो त्यास इंग्रजीत ॲजिटेटर म्हणतात. आपल्या आजीची ताक घुसळण्याची रवी ज्यांनी पाहिली आहे त्यांस त्याचे कार्य समजावून सांगावयास नकोच. रवी दोरीच्या ओढीने कधी उजवीकडे तर कधी डावीकडे गिरक्या घेते; हा दांडाही तसाच दोन्ही दिशांनी आळीपाळीने हलतो, आणि त्याच्या पंखांनी ढवळलेले पाणी कपड्यांच्या विणीतून जोराने आरपार जाते. पूर्वीच्या यंत्रांत हे घुसळण्याचे साधन झाकणाखाली लोंबत असे आणि ते कपड्यांनाच पाण्यातून ओढीत नेई. १९२२ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात, न्यूटन गावच्या मेटॅग कारखान्यात, हॉवर्ड स्नायडर यांनी ते उचलून टाकीच्या तळाशी बसविले, आणि कपड्यांना ओढण्याऐवजी पाण्यालाच त्यांच्यातून ढकलण्याची सोय झाली. नदीकाठी दगडावर कपडा आपटणाऱ्या, लाकडी थापीने तो धोपटणाऱ्या मनुष्याचा उद्योगही मुळात हाच होता. आपल्याकडील पुष्कळशा यंत्रांत उंच दांड्याच्या जागी तळाशी एक बसकी, लाटा कोरल्यासारखी चकती असते; तिला पल्सेटर म्हणतात. रूप निराळे असले तरी तिचे काम तेच आणि तिचा मळही तोच, सबब पुढील मजकूर दोहोंस लागू समजावा. समोरून दार उघडणाऱ्या यंत्रात मात्र यांपैकी काहीच नसते. तेथे मळ दाराभोवतीच्या रबरी वळीत साठतो, आणि तो प्रकार वेगळा.

आता हा मळ येतो कोठून? कपड्यांतून निघालेला सर्वच मळ पाण्याबरोबर वाहून जातो असे नाही. दांड्याच्या किंवा चकतीच्या खाली, ती आणि टाकीचा तळ यांच्यामध्ये, बोटभर जागा असते. तेथे पाणी पोहोचते, पण खळाळत नाही. सुती कपड्यांची लव, केस, अंगाचे तेल, न विरघळलेली साबणाची पूड असे सर्व काही त्या निवांत जागी जाऊन बसते. त्यात पाणी जड असले तर आणखी भर पडते. जड पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साध्या साबणाशी त्यांचा संयोग झाला की पाण्यात न विरघळणारा चिकट पांढुरका साका तयार होतो. आपल्या इंदुरास १९७८ साली सत्तरेक किलोमीटरांवरील जलूदहून नर्मदेचे पाणी उचलून आणले गेले, ही या शहराच्या इतिहासातील मोठीच गोष्ट होय. परंतु आजही कितीतरी वसाहतींतून धुण्याचे पाणी कूपनलिकेचे असते आणि माळव्याच्या काळ्या खडकातून आलेले ते पाणी जड असते. ज्यांच्या घरी बादलीच्या काठावर आणि नळाच्या तोंडावर पांढरी पुटे धरतात, त्यांनी यंत्राच्या तळाशी काय साठले असेल याचा अदमास घरबसल्या बांधावा.

या साक्यावर ओल टिकते, ओलीवर जंतू आणि बुरशी वाढतात, आणि मग धुतलेल्या कपड्यांना तो कुबट वास येऊ लागतो. पावसाळ्यात आपण त्याचे खापर ढगांवर फोडतो. पुष्कळ घरांत या वासावर उपाय म्हणून साबण अधिक घालतात आणि सुवासिक द्रव ओततात. हा उपाय म्हणजे आगीवर तूपच होय. साबण फार झाला की फेसाची गादी तयार होते, कपडे एकमेकांवर घासत नाहीत, आणि उरलेला साबण त्या तळच्या थरात जाऊन मिळतो. कपडे मऊ करणारे ते सुगंधी द्रव तर मेणासारखे पातळ लेप ठेवतात, आणि लव त्याला माशी गुळाला चिकटावी तशी चिकटते. ज्या घरी असा वास आहे त्या घरी माझी पहिली सूचना अशी की साबणाची पूड निम्मी करून पाहावी, आणि तीही कोमट पाण्याच्या तांब्यात आधी विरघळवून मग टाकीत ओतावी.

एवढ्याने भागले तर उत्तमच. परंतु यंत्र वर्षानुवर्षे उघडलेले नसेल तर ते भागणार नाही. दांडा काढलाच पाहिजे. हे काम वाटते तितके अवघड नाही, मात्र त्याला क्रम आहे. प्रथम विजेचा खटका बंद करून प्लग भिंतीतून काढावा आणि दोरी हाती दिसेल अशी बाजूस ठेवावी. नुसता खटका बंद केल्याने भागत नाही, कारण पाणी आणि वीज यांची गाठ येथे पडते. नळाची तोटी बंद करावी. हात आणि भोवतालची जमीन कोरडी असावी. यंत्र अजून हमीच्या मुदतीत असेल तर त्याबरोबर आलेली पुस्तिका आधी वाचावी, आणि उघडण्यास मनाई असेल तर ती पाळावी. पुस्तिका वाचणे हे कमीपणाचे लक्षण आहे असे मानणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींस नम्रपणे बाजूस बसवावे.

उंच दांडा असेल तर त्याच्या माथ्यावर एक टोपी असते. चपट्या पेचकसाच्या टोकाला फडके गुंडाळून ती हळूच उचलावी. फडके नसेल तर प्लास्टिकवर ओरखडे पडतात. कित्येक यंत्रांत या टोपीच्या जागी सुगंधी द्रव घालण्याची वाटी असते, आणि सर्वांत बुळबुळीत थर तिच्याच खाली सापडतो. टोपीखाली मध्यभागी एक बोल्ट दिसेल. तो पान्याने सैल करून काढावा आणि एखाद्या वाटीत ठेवावा. बसक्या चकतीला मधोमध एकच स्क्रू असतो. तो काढल्यावर दांडा किंवा चकती सरळ वर उचलली की ती यावयास हवी. बहुधा ती येत नाही! वर्षांचा साका तिला आतल्या दांडीशी सांधून टाकतो. अशा वेळी लोक पेचकस खुपसून तिला उचकटू पाहतात, आणि पंखा तरी मोडतो किंवा टाकी तरी खरवडली जाते. त्याऐवजी अंघोळीला घेतो त्याहून थोडे अधिक गरम, पण उकळते नव्हे, असे पाणी टाकीत ओतून पाऊण तास थांबावे. साका मऊ होतो, प्लास्टिक किंचित फुगते आणि पकड सुटते. मग पाणी काढून टाकून एक मजबूत, गुळगुळीत दोरी पंखांच्या खालून दोन्ही बाजूंनी घालावी आणि दोघांनी समोरासमोर उभे राहून, झटके न देता, सरळ वर ओढावे.

चकती निघाल्यावर खाली जे दिसते ते पाहून प्रथम थोडी किळस येईल. काळपट चिकटा, लवेच्या गुंडाळ्या, केसांच्या आकड्या, शर्टाची गुंडी, कधी एखादा खिळा, कधी दोन रुपयांचे नाणे. नाणे काढणाऱ्याचे, असा नियम माझ्या मते न्याय्य आहे. आकडी आणि खिळा यांना मात्र हलके लेखू नये. तीच वस्तू पंखाखाली फिरत राहून प्लास्टिक कातरते, आणि मग आईची चांगली साडी कोठे फाटली याचा पत्ता लागत नाही. काढलेला भाग बादलीत गरम पाण्यात भिजत घालावा. पांढरी पुटे असतील तर त्या पाण्यात किराणा दुकानात लिंबूसत म्हणून मिळणारे सायट्रिक आम्ल दोन मोठे चमचे घालावे. आम्ल चुन्यावर कार्य करू लागले की बारीक बुडबुडे येतात. शाळेतल्या प्रयोगशाळेत खडूवर आम्ल टाकून जे पाहिले तेच हे. अर्ध्या तासाने जुन्या दात घासण्याच्या ब्रशाने पंखांच्या खाचा, आतली पोकळी आणि टाकीतली दातेरी दांडी घासावी. तारेचा घासणा वापरू नये. नंतर मलमलीचा तुकडा पंखांवरून अलगद फिरवावा. तो जेथे अडकेल तेथे धार निघाली आहे असे समजावे आणि ती जागा बारीक पॉलिश कागदाने गुळगुळीत करावी.

काही यंत्रांतील दांडा दोन खंडांचा असतो: खालचा मागेपुढे हलतो आणि वरचा, मळसूत्रासारखा, एकाच दिशेने फिरून कपडे खाली ओढतो. वरचा भाग फिरेनासा झाला आणि खालचा चालू राहिला, तर आतले चार लहान दातेरी तुकडे झिजले आहेत असे बहुधा समजावे. ते तुकडे स्वस्त असतात. या माहितीच्या अभावी सबंध यंत्र बाद ठरविले जाते, हे मला खरोखर दुःखाचे वाटते.

येथे दोन गोष्टींचा निषेध केल्यावाचून पुढे जाववत नाही. भ्रमणध्वनीवरून हल्ली गृहोपयोगी युक्त्यांचा पूर लोटत असतो. त्यांत खाण्याचा सोडा आणि शिरका एकत्र ओतण्याची युक्ती फार लोकप्रिय आहे, कारण ती फसफसते. परंतु एक आम्ल, दुसरा अल्क. दोघे परस्परांना निकामी करतात आणि मागे क्षाराचे पाणी तेवढे उरते. ही युक्ती निरुपयोगी खरी, पण निरुपद्रवी. दुसरी मात्र प्राणघातक आहे. कपडे पांढरे करणारे क्लोरीनयुक्त द्रव आणि कोणतेही आम्ल, मग ते लिंबूसत असो, शिरका असो की संडास साफ करण्याचे द्रव असो, एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. यंत्र बहुधा न्हाणीघरात, खिडकी बंद, अशा जागी असते. तेथे हा वायू छातीत गेला तर काय होईल हे सांगावयास डॉक्टर लागत नाही. एक दिवस आम्ल वापरले तर त्या दिवशी दुसरे काहीही वापरू नये, आणि यंत्र साध्या पाण्याने दोनदा खळखळून काढावे.

सर्व भाग कोरडे करून उलट्या क्रमाने बसवावे. बोल्ट हातास घट्ट लागेपर्यंतच आवळावा, ताकद दाखवू नये. प्लास्टिकला तडा जातो. पहिली फेरी कपड्यांवाचून चालवून आवाज ऐकावा. असे वर्षातून दोनदा केले की पुरे. एरवी महिन्यातून एकदा गरम पाण्यात सुमारे १०० ग्रॅम लिंबूसत घालून यंत्र रिकामे फिरवावे, लव धरणारी जाळीची पिशवी दर आठवड्यास उलटी करून धुवावी, आणि कपडे काढल्यावर झाकण उघडे ठेवून आतली हवा मोकळी करावी. घरात रांगते मूल असेल तर झाकण उघडे असेतो न्हाणीचे दार बंद असले पाहिजे. लांब धोतरे आणि नऊवारी लुगडी दांड्याभोवती गुंडाळून टाकू नयेत, कडेने सैल सोडावीत. नाहीतर ती दांड्याला अशी विळखा घालतात की यंत्राचा दम निघतो.

इतके सांगितल्यावर मुख्य मुद्द्याकडे येतो. हे काम कोणाचे? अमेरिकेतील इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. घरात यंत्रे आली, पण गृहिणीचे कामाचे तास त्या मानाने घटले नाहीत. पूर्वी परीट किंवा घरातील पुरुष जे काम करीत तेही तिच्याकडे आले आणि स्वच्छतेची अपेक्षा वाढली, असे त्यांनी साधार दाखवून दिले. उलट स्वीडनचे डॉक्टर हान्स रोसलिंग यांनी २०१० साली एका व्याख्यानात आपल्या घरी आलेल्या पहिल्या धुलाईयंत्राचे मनःपूर्वक आभार मानले: यंत्रात कपडे घातल्यावर आईला त्यांना ग्रंथालयात नेण्यास वेळ मिळू लागला. मला दोघांचेही म्हणणे पटते. यंत्र वेळ देते हे खरे. तो वेळ कोणाला मिळतो हे मात्र घरातली माणसे ठरवितात. भारत सरकारने २०१९ साली केलेल्या पाहणीत घरातील विनावेतन कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, तर अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे, असे आढळले. त्यातही अशी कामे करणारे पुरुष शंभरांत सव्वीस आणि स्त्रिया एक्याऐंशी होत्या. हे आकडे पाहिल्यावर, यंत्राची निगा हेही काम मुकाट्याने आईच्याच यादीत जाऊन बसले असेल, याबद्दल मला शंका उरत नाही.

यावर मुलगे म्हणतील, यंत्राचे काम म्हणजे मिस्त्रीचे. मिस्त्रीच्या कसबाविषयी मला आदर आहे. मोटार जळली, पट्टा तुटला, टाकीतून पाणी गळू लागले, की त्यासच बोलवावे. परंतु टोपी उचलून एक बोल्ट काढणे आणि चिकटा धुणे हे काम त्याचे नव्हे. सायकलची साखळी स्वतः बसविणारा, मोबाईलाची काच बदलण्याच्या गप्पा मारणारा आठवी-नववीतला मुलगा येथेच का मागे सरतो? कारण येथे मळ आहे, आणि मळाचे काम आपले नव्हे असे त्याच्या मनाने कोणी न सांगताही घेतले आहे. परीट कुळात जन्मलेले गाडगे महाराज (१८७६ ते १९५६) हाती खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडीत गेले, हे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो, त्यावर निबंधही लिहितो. आपले शहर २०१७ पासून २०२३ पर्यंत सात वेळा देशात स्वच्छतेत पहिले आले, शेवटी सुरतेसमवेत, आणि त्याचा अभिमान कोणास नाही? कचरा निरनिराळ्या डब्यांत टाकण्याची शिस्त या शहराने लावून घेतली. ती दारापर्यंत आली आहे; न्हाणीघरात जाऊन यंत्राच्या चकतीखाली पोहोचलेली नाही, एवढेच माझे म्हणणे.

पालकांपैकी काहींना विजेची भीती वाटेल, आणि ती रास्त आहे. म्हणूनच हे काम एकट्याने करू नये, घरातील एक मोठे माणूस जवळ असावे, आणि प्लग भिंतीबाहेर आहे हे दोघांनी पाहावे. दुसऱ्या काही पालकांना, विशेषतः मातांना, "अरे, तू अभ्यासाला बस, मी करीन ते" असे म्हणण्याची सवय असते. ही सवय मायेची आहे, परंतु तिने मुलाचा अभ्यास वाढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. शिवाय जड पाणी, आम्ल, प्रसरण, मळसूत्र, घर्षण, एवढे विज्ञान एका रविवारी सकाळी हातांनी शिकावयास मिळत असेल तर तो अभ्यासच झाला.

शाळेनेही यात हात घालावा असे मला वाटते. कार्यानुभवाच्या तासाला कागदी फुले पुष्कळ झाली. भंगारवाल्याकडे वरून उघडणारे जुने यंत्र नाममात्र किमतीत मिळू शकते. मोटार काढून टाकलेले, विजेशी संबंध नसलेले मिळाले तर अधिकच चांगले. ते प्रयोगशाळेच्या ओसरीत ठेवावे, आणि आठवी-नववीच्या मुलामुलींनी चौघाचौघांच्या टोळ्या करून त्याचा दांडा काढावा, धुवावा आणि परत बसवावा. टोळीत नुसत्या मुली किंवा नुसते मुलगे नसावेत. दिवाळीच्या सुटीपूर्वीचा शनिवार यास सोयीचा आहे, म्हणजे सुटीत तेच घरी करून पाहता येईल. बादली, जुने ब्रश, फडकी आणि लिंबूसत विद्यार्थी घरून आणतील. पाना तेवढा शाळेने आणावा.